न हसणाऱ्या बाईची नोट

जपानला जाऊन आले म्हटलं की लोक आधी फूजीच्या डोंगराचं विचारतात. मी तो पाहिला नाही. मी होते तितके दिवस तो ढगात होता, आणि मला त्याचं फार वाईटही वाटलं नाही. मी गेले होते एका नोटेसाठी.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर बाई पैशाच्या मागे परदेशी गेली असं व्हायचं. मी बँकेत कॅशवर होते. जन्मभर दुसऱ्यांच्या नोटा मोजून हौस फिटली नाही म्हणून निवृत्तीनंतर जुन्या नोटा जमवायला लागली, असं आमचे हे होते तेव्हा म्हणत. खरं कारण वेगळं होतं. पुण्याच्या जुन्या बाजारात मला एकदा अमेरिकेतली एक नोट मिळाली, गुलामगिरीच्या काळातली. तेव्हा तिकडे प्रत्येक बँक आपापल्या नोटा छापायची. ही दक्षिणेकडच्या कुठल्याशा बँकेची होती. चित्रात एक काळी बाई, डोक्यावर कापसाची टोपली आणि चेहऱ्यावर छान हसू.

माझं माहेर यवतमाळकडचं. शाळेच्या सुट्टीत मी कापसाच्या वेचणीला गेलेली आहे. बोंडाची वाळकी टोकं नखाच्या कडेला घुसतात, कंबर धरते, ऊन डोक्यात जातं. संध्याकाळी मजुरी हातात पडणार हे ठाऊक असूनही वेचताना कोणी बाई हसत नाही. मग जिला स्वतःलाच विकत घेतलंय ती कशाला हसेल? ते चित्र कोरणारा धडधडीत खोटं बोलत होता आणि त्याचं खोटं बाजारात पैसा म्हणून चालत होतं, याचा मला इतका संताप आला की मी ती नोट विकत घेतली. मग तशा आणखी मिळत गेल्या. माझ्या अल्बममध्ये सगळ्या हसतात.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका प्रदर्शनात मी त्या मांडल्या होत्या. कॉलेजातली एक मुलगी बराच वेळ बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मजेत दिसतायत की. म्हणजे एवढं काही वाईट नसणार." मी तिला वेचणीचं सांगायला लागले, तोवर ती पुढच्या टेबलावर गेलेली होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तिला दाखवायला हवं होतं ते जपानात होतं, सेंदाई शहरातल्या साकाई-सान यांच्याकडे. साकाई-सान, म्हणजे आपल्याकडचे साकाईराव, निवृत्त शाळामास्तर. त्यांचीही आवड माझीच, त्यामुळे ओळख झाली आणि आम्ही मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांना ईमेल लिहू लागलो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका लहान गावात गुलामगिरीविरुद्ध असलेल्या व्यापाऱ्यांनी एक बँक काढली होती. त्या बँकेने आपल्या नोटेवर तेच कापूसवाल्या बाईचं चित्र घेतलं, पण चेहरा नव्याने कोरून घेतला. टोपली खाली ठेवलेली, बाई सरळ आपल्याकडे बघतेय, आणि ती हसत नाही. बँक लवकरच बुडाली, नोटा रद्दीत गेल्या. साकाई-सान विद्यार्थी असताना त्यांना कोबेच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात परदेशी तिकिटांच्या पाकिटात ही सापडली. आणखी एखादी जगात असेलही, पण आमच्या ओळखीतल्या कोणी पाहिलेली नाही. नकला निघतील म्हणून त्यांनी मला तिचा फोटोही मुद्दाम अंधुक पाठवला होता. चेहरा जेमतेम कळायचा.

प्रदर्शनातली ती गोष्ट मी त्यांना लिहिली. त्यावर त्यांचं उत्तर आलं, "ही तुमच्या बायकांमध्ये हवी. पण पोस्टाने पाठवणार नाही. तुम्ही या, हातात घ्या." माझा मुलगा टोकियोत नोकरीला, सून-नात तिथेच. मी व्हिसाला अर्ज केला.

कोतो

मुलाचं घर टोकियोच्या कोतो भागात. उंच इमारती, स्वच्छ रस्ते, सकाळी सायकलवर पुढे एक मूल आणि मागे एक मूल घेऊन निघालेल्या आया. भारतीय शाळा जवळ असल्यामुळे कोपऱ्यावरच्या बागेत मराठी कानावर पडतं. माझी नात ईरा मात्र मी काही विचारलं की "दाइजोबु" म्हणते. म्हणजे ठीक आहे. भूक लागली का, दाइजोबु. थंडी वाजते का, दाइजोबु. आजी आवडते का, तेही दाइजोबु.

पहिल्याच आठवड्यात मी घराची अब्रू घालवली. केळ्याची सालं आणि दुधाचा रिकामा खोका एकाच पिशवीत घालून खाली ठेवून आले. जळणारा कचरा वेगळा, न जळणारा वेगळा, कागद वेगळा, आणि प्रत्येकाचा वार वेगळा. संध्याकाळी पिशवी तिथेच, वर एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली. माझी सून केतकी ती गुपचूप वर घेऊन आली आणि स्वयंपाकघरात पेपर पसरून सालं निवडत बसली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

साकाई-सान यांची मेल बरेच दिवस आली नव्हती. माझ्या तीन मेल तशाच पडून होत्या. त्यांचा घरचा फोन नंबर माझ्याकडे होता, पण पलीकडे जपानी बोललं तर माझी दातखीळ बसणार. केतकी इथे आली ती माझ्या मुलाबरोबर, नुसती घरी बसायला म्हणून. दोन वर्षं भाषा शिकली, आता एका जपानी ऑफिसात आहे. तिने लंच ब्रेकमध्ये फोन केला आणि संध्याकाळी घरात शिरताना बूट काढता काढताच म्हणाली, "आई, फोन लागला. साकाई-सान गेले. स्ट्रोक झाला होता म्हणे. त्यांच्या मिसेस होत्या फोनवर. म्हणाल्या, जरूर या, ते तुमच्याबद्दल बोलले होते."

माझ्या मनात आधी नोट आली आणि मग माणूस. तेव्हाच माझी मला शरम वाटली, पण क्रम तोच होता. इतकी वर्षं मेलवर दुखणीखुपणी सांगितलेला माणूस गेला आणि मी विचार करत होते की बायकोला ठाऊक असेल ना, तिने कुठे टाकली नसेल ना.

सेंदाईच्या वाटेवर

केतकीने सुट्टी काढली. निघण्याआधी तिने कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, एक पांढरं पाकीट आणलं, काळ्या-पांढऱ्या दोऱ्याची गाठ छापलेलं. मयताच्या घरी जाताना यात पैसे घालून द्यायचे. मी तयारीत होते. येतानाच करकरीत नोटा घेऊन आले होते, आहेराला लागतील म्हणून. त्या काढल्या तर केतकी म्हणाली, "नव्या नाही चालत आई. ऑफिसमधल्या तानाका-सानना विचारलं मी. नवी नोट दिली तर अर्थ होतो की तुम्ही आधीच तयारी करून ठेवली होती, माणूस जाण्याची वाट बघत होतात. वापरलेली हवी."

"आणि वापरलेली नसली तर?"

"मग मधोमध घडी घालायची."

गाडीत समोरचं छोटं टेबल उघडून मी त्या करकरीत नोटांतली एक त्यावर ठेवली. नोटेला घडी घालू नका, पिन मारू नका, हे मी आख्ख्या नोकरीत काउंटरपलीकडच्या माणसांना सांगून सांगून थकले. घडी दाबताना माझा अंगठा बिचकत होता. केतकीने माझ्या हातातून ती घेतली आणि नखाने एक रेघ मारून दिली.

स्टेशनावर आणखी एक फजिती झाली होती. इथल्या फाटकात तिकीट या बाजूने घालायचं आणि त्या बाजूने परत घ्यायचं. मी घातलं आणि आत शिरल्याच्या आनंदात पुढे चालू लागले. एक टोपीवाला कर्मचारी मागून धावत आला, तिकीट दोन्ही हातांनी पुढे धरून कमरेत वाकला. आपल्याकडे अशा वेळी आधी दोन शब्द ऐकावे लागतात. त्याच्या वाकण्याने मला जास्त ओशाळायला झालं.

सोबत भाताचे त्रिकोणी गोळे घेतले होते, आत खारवलेलं आंबट फळ. मुरलेल्या लोणच्याची फोड भातात लपवावी तसं लागतं. मी शाकाहारी, त्यामुळे माझी इथे उपासमार ठरलेली. सूप दिसायला साधं पाणी असलं तरी त्यात मासा असतोच. खिडकीबाहेर कापलेली भातखाचरं, करडं आकाश आणि निळ्या कौलांची घरं मागे जात होती. नोव्हेंबर संपत आला होता. सेंदाईला उतरलो तर पाऊस पडत होता, त्यात बर्फाचा भुगा. मोठ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच झाडं, पानं पिवळी होऊन भिजून फुटपाथला चिकटलेली. सायकलवरची पोरं एका हातात छत्री धरून जात होती. केतकी म्हणाली, असं चालवायला बंदी आहे. मला ते ऐकून उगाच बरं वाटलं.

टेकडीवरचं घर

बस शहराबाहेरच्या टेकडीवर चढली. घर लहान, दोन मजली, दाराशी मुळ्याच्या जुड्या वाळत टांगलेल्या. साकाईबाई ठेंगण्या, केस पांढरे, अंगावर काळा स्वेटर. आम्ही दारात पोचलो तर त्या गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावूनच होत्या. मी वाकायला गेले तर माझा गुडघा कटकन वाजला. त्यांनी तो ऐकला आणि आतून एक बसकी खुर्ची आणून ठेवली.

खोलीत चटया, एका बाजूला लाकडी देव्हारा. त्याच्यापुढे पांढऱ्या जरीच्या कापडात गुंडाळलेली अस्थींची पेटी आणि साकाई-सान यांचा फोटो. इथे एकोणपन्नास दिवस अस्थी घरातच असतात. आपण तिसऱ्या दिवशी नदी गाठतो. माणूस घरात राहिला तर जीव घुटमळतो म्हणतो. इथे घुटमळायला वेळ देतात. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. मोठे कान, किंचित तिरका चष्मा. मी उदबत्ती लावली, फुंकर मारून विझवायला गेले तर केतकीने हात धरला. फुंकायचं नाही, हाताने वारा घालायचा. पाकीट ठेवलं. तुपातले बेसनाचे लाडू आणले होते, ते साकाईबाईंनी आधी फोटोपुढे ठेवले. आणि मी रडले. मला वाटलं नव्हतं इतकी रडले. साकाईबाईंनी टिश्यूचा खोका पुढे सरकवला आणि माझं होईपर्यंत खाली बघत बसल्या.

मग चहा आणि एक खाऊ आला. तांदळाच्या मऊ गोळ्यावर हिरव्या सोयाबीनच्या दाण्यांचं गोड वाटण. तोंडात घातलं तर थेट पुरण, फक्त हिरवं. मी तसं म्हटलं, केतकीने सांगितलं, साकाईबाई थोड्या हसल्या. म्हणाल्या, "यांना फार आवडायचं. शेवटी गिळता येत नव्हतं."

पुढचं सगळं केतकी मध्ये बसून दोन्हीकडे सांगत होती. साकाईबाईंनी वरून अल्बम आणला. तो मी न सांगता आणला, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, "मोठ्या भूकंपात हे माझा हात सोडून आधी हा अल्बम घेऊन बाहेर पळाले. मी पुढे कितीतरी दिवस बोलले नाही यांच्याशी. आता हा विद्यापीठाला जायचा आहे. त्यांनीच लिहून ठेवलंय. त्याआधी तुम्ही बघाल तर त्यांना बरं वाटेल."

मी हात पुसले आणि पानं उलटू लागले. माझ्याकडच्याच बायका, माझ्यापेक्षा चांगल्या अवस्थेत. टोपल्या, गासड्या, हसू. एक जण तर मूल पाठीशी घेऊन हसत होती. शेवटून दुसऱ्या पानावर खिसा रिकामा होता. खाली साकाई-सान यांच्या बारीक अक्षरात बँकेचं नाव होतं, ते मला पाठ होतं.

मला वाटलं, माझ्यासाठी काढून ठेवली असणार. मी खिशावर बोट ठेवून साकाईबाईंकडे बघितलं. बहुतेक तोंडावर हसूही होतं माझ्या.

साकाईबाई देव्हाऱ्याखालचा खण उघडत होत्या. त्यातून त्यांनी एक चौकोनी कागद काढला. हलका, पातळ, त्यावर काळ्या शाईत सहा गोल नाणी छापलेली, प्रत्येकाच्या मध्ये चौकोनी भोक. "मेलेल्या माणसाला नदी ओलांडायची असते," त्या सांगू लागल्या, "नावाड्याला सहा नाणी द्यावी लागतात. पूर्वी खरी नाणी ठेवत. आता भट्टीत धातू चालत नाही, म्हणून अंत्यविधीवाले हा कागद देतात. सगळे हाच ठेवतात." त्यांनी तो तळहातावर धरला. "मला हा बघून कसंतरी झालं. जन्मभर यांनी खरी नोट कुठली, खोटी कुठली हेच केलं. मला शिकवलं, नकलेला हात लावू नको. त्या माणसाला हे छापील चित्र देऊन कसं पाठवायचं? अल्बम ठेवू म्हटलं, विद्यापीठाची चिठ्ठी तेव्हा सापडली नव्हती, तर जाड पुस्तक जळत नाही असं अंत्यविधीवाले म्हणाले. म्हणून त्यांची सगळ्यात आवडती नोट काढली आणि किमोनोत, छातीशी ठेवली."

केतकीने शेवटचं वाक्य सांगायला वेळ घेतला. मला ते तिच्या चेहऱ्यावरच कळलं होतं.

मला ओरडावंसं वाटलं. दीडशेहून जास्त वर्षं ती बाई रद्दीतून, बोटीतून, लढायांतून, त्या भूकंपातून वाचली, एकदाही हसली नाही, आणि एका बायकोने प्रेमाने तिला भट्टीत घातली. मी अल्बम मिटला. पुण्यातली ती मुलगी आठवली. आता तिला काय दाखवू? तो अंधुक फोटो? त्यात तर बाई हसते की रडते तेही कळत नाही.

साकाईबाई पुढे सरकल्या. त्यांना आणखी काहीतरी विचारायचं होतं आणि विचारायला जड जात होतं. "तुम्ही बँकेत होतात ना? ते म्हणायचे, या नोटेची बँक बुडाली. मला त्या वेळी ते सुचलं नाही. नंतर आठवलं आणि तेव्हापासून झोप नाही. बुडालेल्या बँकेची नोट नावाड्याने घेतली नाही तर? हे काठावरच उभे असतील. भिडस्त होते, वाद घालणार नाहीत. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, आई, असं काही नसतं. पण मग सगळे तो कागद कशाला ठेवतात?"

आमच्याकडेही वैतरणी आहे. आमचे हे गेले तेव्हा त्यांच्या तोंडात मी तुळशीचं पान आणि माझ्या मंगळसूत्रातला सोन्याचा मणी ठेवला होता. भावाने मला वेड्यात काढलं होतं. मी तो तरीही ठेवला. त्यामुळे साकाईबाईंना काय वाटत असेल हे मला कोणी भाषांतर करून सांगायची गरज नव्हती. राग होता तो तसाच होता, गेला नव्हता. पण तो काढायचा कोणावर?

मी म्हटलं, "केतकी, त्यांना सांग. बँक बुडाली म्हणून नोट खोटी होत नाही. ती खरी होती. मी काउंटरवर असते तर घेतली असती."

केतकीने सांगितलं. साकाईबाईंनी तोंडावर हात धरला. मग फोटोकडे वळून हळू आवाजात काहीतरी बोलल्या. केतकीने ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

बाहेर अंधारून आलं होतं. परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून आम्ही उठलो. दारात बूट घालत असताना साकाईबाई पुन्हा गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी माझी माफी मागायला सुरुवात केली. एक पाय बुटात, एक बाहेर, असं मी ते ऐकलं. "शेवटी यांची जीभ जड झाली होती. भारतातून बाई येणार आहेत, त्यांना द्यायचं आहे, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. काय ते मला कळलं नाही. सगळं घर शोधलं, कपाटं काढली. अल्बम तर विद्यापीठाचा, म्हणजे वेगळं काहीतरी असणार. तुम्ही एवढ्या लांबून आलात. तुम्हाला माहीत आहे का, काय द्यायचं होतं?"

केतकी माझ्याकडे बघत राहिली. तिचं सांगून झालं होतं. आता पाळी माझी होती.

मी देव्हाऱ्याच्या दिशेने बोट केलं. "तो कागद," मी म्हटलं. "सहा नाण्यांचा. तो नेहमी जळतो, कोणाकडे राहत नाही, म्हणून माझ्या संग्रहात नव्हता. मिळवून देतो म्हणाले होते. घरात आणणं अशुभ म्हणून तुम्हाला बोलले नसतील."

केतकीने ते जसंच्या तसं जपानीत सांगितलं. साकाईबाईंचा चेहरा सैल झाला. त्या लगबगीने आत गेल्या, कागद एका जांभळ्या रुमालात बांधून आणला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. म्हणत होत्या, बरं झालं, बरं झालं, मी वापरून टाकला नाही. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

रस्त्यावर बर्फाचा भुगा आता दाट झाला होता. बसथांब्यापर्यंत सरळ उतार होता. इथे पाहुणा दिसेनासा होईपर्यंत घरचं माणूस दारात उभं राहतं, आणि पाहुण्याने वळणावर थांबून एकदा मागे वळून वाकायचं असतं. वळण आलं तशी केतकी हलकेच म्हणाली, "आई, वळून नमस्कार करा. त्या अजून उभ्या आहेत, छत्री पण नाही."

मी वळले नाही. त्यांचा तो चेहरा पुन्हा बघितला असता, तर मी खरं सांगून बसले असते.